हिरडीच्या खाली

कुत्र्याच्या तोंडात ४२ दात असतात आणि पाहुण्यांना त्यांतले चारच दिसतात: सुळे. तेही कुत्रा भुंकत असताना, म्हणजे दातांची निगा हा विषय कोणाच्याही डोक्यात येणार नाही अशा वेळी. पाहुण्यांचं सोडा, घरच्यांनीही उरलेले ३८ क्वचितच पाहिलेले असतात. आपण नखं कापतो, कान पुसतो, केसांत बोटं घालून गोचिडी शोधत बसतो. गालफड उचलून मागे डोकवावं हे मात्र सुचत नाही. किटण नेमकं तिथूनच सुरू होतं.

वरच्या जबड्यात दोन्ही बाजूंना एकेक थोराड दाढ असते. खालच्या जबड्यातल्या तशाच एका दाढेला घासून ती मांस कातरते. कुत्रा एखादी वस्तू तोंडाच्या कडेने, मान वाकडी करून चावतो तेव्हा तो हीच जोडी वापरत असतो. गालातल्या मोठ्या लाळग्रंथीची नळी या वरच्या दाढेसमोरच उघडते. दाढेची बाहेरची बाजू त्यामुळे सतत ताज्या लाळेत न्हात असते, आणि त्या लाळेतले कॅल्शियमचे क्षार तिच्यावर बसत जातात. पुढचे दात पांढरे स्वच्छ आणि ही दाढ तपकिरी, असं कितीतरी कुत्र्यांत दिसतं ते यामुळे.

या लाळेचा न्याय अजब आहे. कुत्र्याची लाळ आपल्या लाळेपेक्षा जास्त अल्कलीधर्मी असते. दात किडतात ते आम्लामुळे, म्हणून कुत्र्यांचे दात किडणं तसं दुर्मीळ. (आयुष्यभर ग्लुकोजची बिस्किटं खाऊनही कीड न लागलेली कुत्री मी पाहिली आहेत. हेवा वाटतो.) पण अल्कलीधर्मी लाळेत क्षार लवकर साकळतात, म्हणून किटण भराभर चढतं. कीड टाळणारी आणि किटण बांधणारी लाळ एकच.

आधी दातावर बसतो तो दगड नव्हे, तर जंतूंचा मऊ, चिकट, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा थर. दात घासल्यावर काही तासांतच तो पुन्हा धरायला लागतो. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेवेनहुक नावाच्या कापडव्यापाऱ्याने १६८३ साली स्वतःच्या दातांमधलं पांढरट पीठ खरवडून आपल्या भिंगाखाली धरलं आणि त्यात वळवळणारे इवले जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. जंतू पाहिल्याच्या जगातल्या सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक, आणि ती दातांवरच्या मळातून आली. गंमत म्हणजे हा गृहस्थ रोज मिठाने दात घासायचा. तरीही थर होताच. कुत्र्याच्या तोंडात हा थर तसाच राहू दिला, तर दोन-तीन दिवसांत लाळेतले क्षार मुरून तो टणक व्हायला लागतो. एकदा टणक झाला की ब्रशने निघत नाही. त्याच्या खडबडीत पाठीवर जंतूंचा नवा थर आणखी सहज धरतो, आणि असं थरावर थर चालू राहतं.

आपली नजर अडते ती इथेच. आपल्याला दिसतो तो पिवळा-तपकिरी दगड. तो काढला, दात पांढरा झाला, की काम झालं असं आपण समजतो. पण आजार त्या रंगात नसतो. तो असतो हिरडी आणि दात यांच्या मधल्या फटीत. निरोगी कुत्र्यात ही फट फार तर तीन मिलिमीटर खोल असते. जंतू तिथे उतरले की आधी हिरडी लाल होते, सुजते, घासताना रक्त येतं. इथवरचं सगळं भरून निघतं. पुढे दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाड झिजायला लागतं आणि ते परत येत नाही. पशुदंतवैद्य याच्या चार पायऱ्या मानतात: पहिलीत नुसती सूज, दुसरीत दाताचा पाव भागापर्यंतचा आधार गेलेला, तिसरीत निम्म्यापर्यंत, चौथीत त्याहून जास्त. यातली एकही पायरी दाताच्या रंगावरून ओळखता येत नाही. थोडंसं किटण असलेल्या दाताखाली हाड पार पोखरलेलं सापडतं, आणि किटणाने मढलेल्या दाढेखाली कधी कधी बरंच शाबूतही असतं. हिरड्यांचा हा आजार प्रौढ कुत्र्यांमध्ये सगळ्यांत जास्त आढळणारा आजार आहे. असं असून लसीकरणाच्या कार्डावर याच्यासाठी एक रकानासुद्धा नसतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

डोंबिवलीच्या मावशीकडे प्रिन्स होता. त्या काळी महाराष्ट्रातल्या निम्म्या ब्लॉकमध्ये असायचा तसा पांढरा, केसाळ, ज्याला सगळे पॉमेरियन म्हणायचे तो. जेवण दूध-पोळी, वरून मारीची बिस्किटं. त्याच्या तोंडाला असा वास यायचा की लाडाने जवळ आला की मावशी पदर नाकाला लावूनच त्याला कुरवाळायची. ‘म्हातारं झालंय रे, वास येणारच,’ हे काकांचं ठरलेलं वाक्य. प्रिन्स तेव्हा आठ वर्षांचाही नव्हता. एके दिवशी त्याच्या उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी गाठ आली. गांधीलमाशी चावली असेल म्हणून मावशीने चुना लावला. गाठ फुटली, पू गेला, जखम भरली, आणि काही आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा आली. असं होत होत शेवटी त्याला टॅक्सीत घालून परळला, १८८६पासून चालू असलेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्याकडे न बघता आधी ओठ उचलला. त्या मोठ्या कातर-दाढेची मुळं डोळ्याच्या बरोबर खाली संपतात. मुळाशी साठलेला पू वाट मिळेल तिथून बाहेर येतो आणि ती वाट बहुतेक वेळा गालावर, डोळ्याखाली निघते. दाढ काढली आणि गाठ परत आली नाही.

त्याहून मोठी गोष्ट नंतर घडली. जिन्यावरून उचलून न्यावा लागणारा प्रिन्स आपणहून पायऱ्या चढायला लागला. चेंडू तोंडात धरून आणायला लागला. काका म्हणाले, ‘अरे, हा म्हातारा नव्हताच. याचं दुखत होतं.’

‘खातोय ना नीट, मग दुखत कसं असेल?’ हा प्रश्न मी इतक्या घरांत ऐकला आहे की आता त्याची धास्तीच वाटते. कुत्रा खातो. दाढ हलत असली तरी खातो, जबड्यात पू असला तरी खातो. न खाणं त्याला परवडत नाही, आणि दुखणं दाखवणं हे त्याच्या स्वभावातच नाही. फार तर तो एकाच बाजूने चावतो, घास न चावता गिळतो, कडक बिस्किट तोंडात घेऊन परत खाली ठेवतो, कापडी खेळण्यावर रक्ताचा पुसट डाग सोडतो. कधी एकाच नाकपुडीतून पाणी येतं आणि सारख्या शिंका येतात. आपण सर्दीचं औषध देत राहतो आणि खरं कारण असतं वरचा सुळा. त्याचं मूळ बाहेर दिसणाऱ्या दातापेक्षा लांब असतं आणि त्याच्या नि नाकाच्या पोकळीच्या मध्ये हाडाचा फक्त पातळ पापुद्रा असतो. तो पापुद्रा गेला की तोंड आणि नाक यांच्यात भोकच पडतं. डॅशहाउंडवाल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. अगदी लहान चणीच्या कुत्र्यांत तर खालचा जबडा इतका पोखरतो की साध्या धक्क्याने मोडू शकतो. दातांच्या आजारामुळे हृदय आणि मूत्रपिंड बिघडतात असंही बोललं जातं. दोन्ही गोष्टी एकाच कुत्र्यात बरेचदा सापडतात हे खरं, पण एकीमुळे दुसरी होते हे अजून सिद्ध झालेलं नाही. मला विचाराल तर त्या भीतीची गरजही नाही. तोंडातलं दुखणं एवढं कारण पुरेसं आहे.

आता आमचा बंड्या. चहाच्या टपरीमागून उचलून आणलेला, गव्हाळ रंगाचा, एक कान कायम पडलेला. गावठी कुत्र्यांना दातांचे त्रास होत नाहीत, ती ‘नैसर्गिक’ असतात, असं सोसायटीतल्या एका आजोबांनी मला ठणकावून सांगितलं होतं. आफ्रिकेतल्या रानकुत्र्यांच्या कवट्या अभ्यासकांनी तपासल्या तेव्हा त्यांत हिरड्यांच्या आजाराने झिजलेली हाडंही सापडली आणि तुटलेले दातही. त्या रानकुत्र्यांनी ना कधी बिस्किट खाल्लं होतं ना दूध-पोळी. निसर्गात दात खराब होतातच, फक्त तिथे डॉक्टरांचं बिल येत नाही.

बंड्याच्या दाढांवर किटण होतं. मी डॉक्टरांना विचारलं, खरवडून द्याल का? त्यांनी बोटाच्या नखानेच एका दाढेवरचा पोपडा उडवून दाखवला. ‘हे मी आत्ता इथे टेबलावर काढून देतो. खालचं कोण काढणार?’

खालचं काढायला भूल लागते. सगळा घोळ त्या एका शब्दापाशी अडतो. ‘दात साफ करायला भूल?’ असं घरातल्या प्रत्येकाने मला विचारलं आणि मीही डॉक्टरांना तेच विचारलं होतं. उत्तर सोपं आहे. हिरडीखाली अणकुचीदार हत्यार घालायचं आहे, प्रत्येक दाताभोवतीची फट मोजायची आहे, एक्स-रे काढायचा आहे. जागा कुत्रा हे करू देणार नाही, आणि देऊही नये. शिवाय किटण फोडणारं यंत्र ध्वनिलहरींवर चालतं आणि दात तापू नये म्हणून सतत पाणी उडवतं. ते पाणी आणि त्यातले जंतू फुफ्फुसात जाऊ नयेत म्हणून श्वासनलिकेत नळी बसवलेली असावी लागते, आणि ती नळी भुलीतच बसते. त्याआधी रक्ततपासणी, उपाशी पोट, शीर धरून सलाइन, अंग गार पडू नये म्हणून ऊब. भुलीत जोखीम नाही असं कोणीच म्हणत नाही. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांत ती जास्त असते. पण नुसतं वय हे भूल नाकारायचं कारण नाही. मूत्रपिंड, हृदय, यकृत बघून ठरवायचं असतं. शेवटी दात पॉलिश करतात. ही चैन वाटते, पण यंत्राने खरवडलेल्या दातावर सूक्ष्म ओरखडे राहतात आणि ते तसेच ठेवले तर नवा थर दुप्पट जोमाने धरतो.

म्हणूनच ‘भुलीशिवाय दंतस्वच्छता’ अशी पाटी लावणाऱ्या ग्रूमिंगच्या दुकानांविषयी माझं मत वाईट आहे. अमेरिकेतल्या पशुदंतवैद्यांच्या संस्थेचंही तेच मत आहे, एवढं माझ्या बाजूने सांगते. दिसणारा भाग पांढरा होतो, मालक खूश होऊन पैसे देतो, हिरडीखाली सगळं जागच्या जागी राहतं. वर आता बाहेरून काही दिसत नाही, म्हणून पुढची दोन वर्षं कोणी डॉक्टरकडेही जात नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या आकड्यासारख्या हत्यारांनी घरी खरवडणारे लोकही मी पाहिले आहेत. एक झटका बसला की हिरडी फाटते, आणि दाताच्या पृष्ठभागावर चरे पडतात ते वेगळेच.

घरगुती उपायांची यादी तर मराठी घरात संपत नाही. राखुंडी, मीठ, खायचा सोडा, हळद, कडुनिंबाची काडी, खोबरेल. खोबरेल निदान निरुपद्रवी. त्याने किटण जातं याला मात्र आधार नाही. सोडा चवीला वाईट आणि पोटात गेला तर सोडियमचा अनावश्यक भार. राखुंडी दात झिजवते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी अत्यंत प्रेमाने बंड्यासाठी आपली मिश्रीची डबी पुढे केली होती. ती मात्र मी जवळजवळ हिसकावून घेतली. तंबाखू कुत्र्याला विषारी आहे. आपली टूथपेस्टही नको. कुत्र्याला चूळ भरता येत नाही, सगळी पेस्ट पोटात जाते. त्यात झायलिटॉल नावाचा गोडवा असेल तर कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन उतरते, यकृतही निकामी होऊ शकतं. माणसांच्या तोंडासाठी चांगला म्हणून गौरवलेला पदार्थ, कुत्र्याच्या जिवावर उठणारा.

आणि हाड. मटणवाल्याकडून आणलेली नळी चघळत बसलेला कुत्रा हे सुखाचं चित्र आहे, मान्य. काही किटण त्याने निघतंही. पण दवाखान्यात तुटून येणारी सगळ्यांत नेहमीची दाढ म्हणजे तीच वरची कातर-दाढ, आणि तिचा पापुद्रा उडवणारे नेहमीचे गुन्हेगार म्हणजे हाड, शिंग आणि वाळवलेले खूर. शिजवलेल्या हाडाच्या तर चिरफळ्या होतात, त्या आतड्यात टोचण्याची भीती वेगळी. डॉक्टरांची कसोटी सोपी होती: जी वस्तू नखाने दाबल्यावर जराही दबत नाही, ती दाताखाली द्यायची नाही. चघळायच्या कांड्यांवर किंवा दातांसाठीच्या खाद्यावर व्हीओएचसी (व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिल) या संस्थेची मोहोर असेल तर चाचणीत काही फरक दिसला आहे असं समजायचं. साध्या कोरड्या खाद्याने दात घासले जातात हा समज मात्र सोडून द्यावा. दाणा दाताच्या टोकाला लागताच फुटतो, हिरडीजवळ पोचतच नाही. दातांसाठीचे दाणे मोठे आणि तंतुमय असतात, ते दात आत रुतेपर्यंत फुटत नाहीत.

हे सगळं करून पुन्हा तिथेच यायचं असतं: रोज ब्रश. थर तीन दिवसांत टणक होतो, म्हणजे रविवारच्या रविवार घासणं हे निव्वळ मनाचं समाधान.

बंड्या तोंडाला हात लावू देत नसे. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याचं तोंड हीच त्याची मिळकत. ती त्याने का सोपवावी? पहिले कित्येक दिवस मी ब्रश दाखवलाच नाही. संध्याकाळी फिरून आल्यावर बोटावर कोंबडीच्या चवीची पेस्ट, त्याने चाटायची, संपलं. मग चाटता चाटता दुसऱ्या हाताने ओठ किंचित वर. तो थबकला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा चाटायला लागला. मग बोटाला गुंडाळलेलं ओलं फडकं, फक्त सुळ्यापर्यंत. तो मान फिरवे तेव्हा मी थांबे. हे थांबणं सगळ्यांत महत्त्वाचं होतं असं मला आता वाटतं. आपण नाही म्हटलं की ही बाई खरंच थांबते, हे त्याला कळल्यावरच तो हो म्हणायला लागला. लहान मुलांचा मऊ ब्रश त्यानंतर आला.

तोंड उघडावं लागतच नाही, ही गोष्ट कोणी आधी सांगत नाही. तोंड मिटलेलंच ठेवायचं, ब्रश गालफडाच्या आतून मागे सरकवायचा, केस हिरडीच्या कडेशी तिरके टेकवायचे आणि बारीक गोल फिरवत पुढे यायचं. बाहेरची बाजू पुरे. आतली बाजू जीभ बरीचशी सांभाळते. एका बाजूला अर्धा मिनिट. बोटात घालायचे सिलिकॉनचे ब्रश सुरुवातीला बरे, पण त्यांचे जाड दाणे हिरडीच्या कडेखाली शिरत नाहीत. एक गोष्ट सांभाळायची. हिरड्या आधीच सुजलेल्या असतील तर आधी डॉक्टरांकडून साफ करून घ्यायचं, भरून येऊ द्यायचं आणि मगच ब्रश हातात घ्यायचा. दुखऱ्या हिरडीवर पहिला ब्रश फिरला तर कुत्रा ब्रशला जन्मभर शत्रू मानेल आणि त्यात त्याची चूक नसेल.

पिल्लू घरात असेल त्यांचं काम सोपं आहे. दुधाचे २८ दात सहा-सात महिन्यांपर्यंत पडून नवे येतात. त्या काळात पिल्लाला तोंडात बोट हवंच असतं, तेव्हाच सवय लावून घ्यावी. छोट्या जातींत दुधाचा सुळा न पडता नव्याला चिकटून उभा राहतो आणि दोघांच्या मधल्या सापटीत अन्न नि केस अडकून सगळ्यांत आधी तिथली हिरडी जाते. नसबंदीसाठी भूल देणारच असाल, तर तो जादा सुळा त्याच भुलीत काढता येईल का, एवढं डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. नाही विचारलं तर त्या दिवशी तोंडात कोणी बघेलच असं नाही.